शेतकऱ्याचा कोयता : निवड, पारख व निगा

शेतकीच्या अवजारांची गोष्ट निघाली म्हणजे नांगर, पेरणीयंत्र, फवारणीचा पंप व ट्रॅक्टर ह्यांचीच चर्चा फार होते. ह्या वस्तू मोठ्या किमतीच्या असल्यामुळे त्या घेताना शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो, जाणत्यांस विचारतो आणि मगच पैसा मोजतो. ज्या हत्याराशिवाय शेतातला एक दिवसही जात नाही त्या कोयत्याची खरेदी मात्र आठवड्याच्या बाजारी, मीठ-मिरचीच्या पिशवीबरोबर, दोन मिनिटांत उरकली जाते. भाव कोणता एवढेच विचारले जाते. लोखंड कोणते, पाणी कसे दिले आहे, मूठ कशी बसविली आहे, हे कोणी पाहत नाही. पुढे ऐन सुगीत पात्याचा तुकडा उडतो किंवा मुठीतून पाते निसटते, तेव्हा मात्र लोहारास, दुकानदारास व नशिबास बोल लावला जातो.

कोयत्याचे महत्त्व किती आहे हे आपल्या व्यवहाराच्या भाषेवरूनच दिसते. ऊसतोडीच्या कामात नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, टोळी मोजली जाते ती कोयत्यांवर. ज्या हत्याराच्या नावाने दोन माणसांचे सबंध हंगामाचे श्रम मोजले जातात, ते हत्यार कसे असावे ह्याचा विचार जमीनधारकाने करू नये हे योग्य नव्हे. म्हणून कष्टाच्या कामास टिकेल आणि सामान्य शेतकऱ्यास परवडेल असा कोयता कसा ओळखावा, हे प्रस्तुत लेखात क्रमाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

काम पाहून हत्यार

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, एकच कोयता सर्व कामांस चालेल ही समजूत चुकीची आहे. गवत, भात, गहू, ज्वारी ह्यांच्या कापणीस विळा लागतो. त्याचे पाते पातळ व वाकडे असते आणि काप ओढून घ्यावयाचा असतो. ‘वैभव’ ह्या नावाचा दातेरी विळा ह्याच जातीचा. तो हलका असून पीक जमिनीलगत कापतो. मात्र त्याचे दाते झिजले म्हणजे ते साध्या दगडावर पुन्हा उभे करता येत नाहीत, हे घेतानाच समजून असावे.

ऊसतोडीचा कोयता निराळा. तो घाव घालून तोडण्याचा आहे, ओढून कापण्याचा नव्हे. पाते रुंद, पण पाठीशी जाडी सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इतकी पुरे होते. बाभळीच्या फांद्या, कुंपणाची शेरी, वाळलेले सरपण ह्यांकरिता जो कोयता घ्यावयाचा त्याची पाठ दीड ते दोन सूत असावी. कारण सुक्या लाकडाच्या गाठीवर बसणारा धक्का पातळ पात्यास सोसत नाही. कोकणात नारळ, सुपारी व रानकामाकरिता टोकाशी आकडा असलेला जड कोयता वापरतात आणि तो कमरेस बांधलेल्या लाकडी आकडीत अडकवितात. त्यास देशावरील ऊसतोडीच्या कोयत्याची जागा देऊ नये व ह्यास त्याची देऊ नये.

ज्याची शेती मिश्र आहे त्याने एक विळा, एक पातळ कोयता व एक जाड कोयता अशी तीन हत्यारे ठेवावीत. तिघांचे काम एकाच कोयत्याकडून घेतल्यास दोन हंगामांत तो बाद होतो.

लोखंडाची जात

लोखंडात कोळशाचा अंश किती आहे ह्यावर त्याचा स्वभाव ठरतो. ह्या अंशास शास्त्रात कार्बन म्हणतात. ज्यात कार्बन पाव टक्क्याहून कमी, ते नरम लोखंड. दारे-खिडक्यांच्या सळया व घरबांधणीच्या पट्ट्या बहुधा ह्या जातीच्या असतात. त्यास कितीही तापवून पाण्यात बुडविले तरी धार टिकण्याइतका कठीणपणा येत नाही. कार्बन अर्ध्या ते पाऊण टक्क्याच्या सुमारास असला म्हणजे ते चिवट पोलाद होते. कोयत्यास हेच उत्तम. एक टक्का किंवा त्याहून अधिक असला म्हणजे पोलाद फार कठीण होते, परंतु धक्क्याने तुटते. कानशीचे पोलाद ह्या वर्गातले आहे. दोन टक्क्यांच्या वर गेले की ते बीड. त्याचे पाते होऊच शकत नाही.

खेड्यातील लोहारास चांगले पोलाद स्वस्तात मिळण्याचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे मोटारगाडीच्या कमानीचा पाटा. मालमोटार खड्ड्यात आदळली तरी कमान दबते आणि पुन्हा पूर्ववत होते. ती मोडत नाही. हाच गुण कोयत्यास हवा आहे. सबब लोहाराकडून करवून घेताना ‘कमान पाट्याचा कर’ असे स्पष्ट सांगावे. शक्य असल्यास पाटा आपणच भंगारवाल्याकडून आणून द्यावा व तो तडा गेलेला नाही हे पाहून घ्यावे. जुन्या पाट्यास कधीकधी बारीक तडा असतो, आणि तो पात्यात उतरला म्हणजे पुढे तेथेच तुकडा पडतो.

मोडक्या कानशीपासून केलेला कोयता घेऊ नये. त्याची धार पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी वाटते, पण बाभळीच्या गाठीवर तिचे दात पडतात. कानशीचे पोलाद कलम करण्याच्या लहान चाकूस शोभते. रेल्वेच्या रुळाचा किंवा खिळ्यांचा माल कोणी स्वस्त म्हणून देऊ लागला, तर तो मुळीच घेऊ नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाजारात न गंजणाऱ्या चकचकीत पोलादाचीही पाती येतात. फळे व भाजी कापण्यास ती बरी असतात. परंतु त्यांचे पाणी उतरल्यास गावचा लोहार आपल्या भट्टीत ते पुन्हा चढवू शकत नाही, म्हणून शेतातील घावाच्या कामास ती आम्ही सुचवीत नाही.

पोलाद व नरम लोखंड ह्यांतील भेद ठिणगीवरून कळतो. धारेच्या चाकावर पात्याची पाठ क्षणभर टेकवावी. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ व थोड्या फाट्यांच्या निघतात. पोलादाच्या ठिणग्या आखूड असून टोकाशी फुलबाजीप्रमाणे फुटतात. ही परीक्षा एकदा दोन्ही जातींचे तुकडे शेजारी शेजारी धरून पाहिली, म्हणजे पुढे नजर चुकत नाही.

पाणी देणे

उत्तम पोलाद असूनही पाणी नीट दिलेले नसेल तर कोयता व्यर्थ आहे. पाणी देणे म्हणजे पाते लाल तापवून एकदम थंड करणे, एवढाच अर्थ पुष्कळ लोक घेतात. वस्तुतः ती दोन पायऱ्यांची क्रिया आहे आणि दुसरी पायरी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

पहिली पायरी कठीण करण्याची. पाते गुंजेसारखे लाल होईपर्यंत तापवितात. उष्णतामान ह्या वेळी सुमारे ८०० ते ८५० अंश सेंटिग्रेड असावे लागते. डोळ्याचा अंदाज चुकू नये म्हणून लोहचुंबकाचा उपयोग करता येतो. सुमारे ७७० अंशांवर लोखंड चुंबकास चिकटेनासे होते. त्याच्या किंचित वर पाते नेले की ते बुडविण्यास योग्य झाले. ह्याहून फार तापविल्यास पोलादाचा दाणा जाड होतो व पाते ठिसूळ बनते. भट्टी सावलीत असते तिचे हेच कारण. भर उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि पाते नकळत जास्त तापते. कमान पाट्याचे पाते तेलात बुडविणे चांगले. थंड पाण्यात एकदम बुडविल्यास पातळ धारेस तडा जाण्याची भीती असते.

दुसरी पायरी उतरविण्याची. नुकतेच बुडविलेले पाते काचेसारखे कठीण व तितकेच नाजूक असते. ते घासून चकचकीत करावे आणि पाठीच्या बाजूने पुन्हा हळूहळू तापवावे. तेव्हा त्यावर रंग चढू लागतात. प्रथम फिका पिवळा येतो, सुमारे २२० ते २३० अंशांवर. मग तपकिरी, सुमारे २६० अंशांवर. मग जांभळा, सुमारे २८० अंशांवर. आणि शेवटी निळा, ३०० अंशांच्या आसपास. गवताच्या विळ्याची धार तपकिरी रंगावर थांबवावी. घावाच्या कोयत्याची धार जांभळ्यापर्यंत आणि लाकडाच्या जाड कोयत्याची निळ्यापर्यंत उतरू द्यावी. पिवळ्यावर थांबलेला कोयता कठीण असतो, पण त्याचा तुकडा उडतो.

येथे ह्या लेखाचे मुख्य सूत्र सांगतो. शेतातील कोयत्यास कठीणपणापेक्षा चिवटपणा अधिक हवा. कठीण पाते धार फार दिवस धरते हे खरे. तथापि शेतात दगड आहे, तार आहे, सुकी गाठ आहे, आणि घाव घालणारा हात दिवसअखेर थकलेला आहे. चिवट पात्याची धार दगडावर लागली तर मुडपते, आणि मुडपलेली धार बांधावर बसून पाच मिनिटांत काढता येते. ठिसूळ पात्याचा तुकडा मात्र उडतो, व तो कोणाच्या डोळ्यात जाईल हे सांगता येत नाही. दोन दिवसांनी धार लावण्याचा त्रास आणि एका माणसाचा डोळा ह्यांची तुलना होऊ शकत नाही.

घेताना करावयाच्या परीक्षा

लोहाराच्या भट्टीशी उभे राहण्याची सवड प्रत्येकास नसते. तयार कोयता दुकानात घेताना पुढील परीक्षा कराव्यात. एखादी दुकानदाराने करू दिली नाही, तरी बाकीच्या कराव्याच.

(१) नजरेची परीक्षा. धार डोळ्यांसमोर धरून टोकापर्यंत पाहावी. ती लाटेसारखी वाकडीतिकडी असेल तर पाते पाणी देताना वळले आहे. धारेवर कोठे केसाएवढी काळी रेघ दिसल्यास तो तडा समजावा व कोयता खाली ठेवावा.

(२) नादाची परीक्षा. मूठ बसविण्यापूर्वीचे पाते मिळाल्यास ते दोऱ्याने लोंबते धरून खिळ्याने वाजवावे. नाद स्वच्छ व लांबणारा आला पाहिजे. फुटक्या भांड्यासारखा बद्द आवाज आल्यास आत तडा आहे.

(३) कानशीची परीक्षा. खिशात एक लहान जुनी कानस न्यावी. धारेजवळ ती हलक्या हाताने फिरवावी. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाते फार कठीण; लोण्यात शिरावी तशी शिरली तर फार नरम. थोडा जोर केल्यावर तिने धरावे, हे योग्य पाण्याचे लक्षण.

(४) कांबीची परीक्षा. पितळेची एक बारीक कांब आडवी ठेवून तिच्यावर धार तिरपी दाबावी व हळूच सरकवावी. धार किंचित लवून पुन्हा जागेवर आली म्हणजे पाणी चांगले आहे. ती लवून तशीच राहिली तर नरम आणि तिचा कण उडाला तर ठिसूळ समजावी.

(५) वाकविण्याची परीक्षा. टोक लाकडाच्या ओंडक्यावर टेकवून पाते थोडेसे वाकवावे व सोडावे. ते पूर्ववत सरळ झाले पाहिजे. ही परीक्षा डोळ्यांपासून दूर धरून व बेताने करावी. पाठ जाड असल्यास हट्टाने वाकवू नये.

(६) कामाची परीक्षा. ओळखीच्या लोहाराकडे सुक्या बाभळीच्या फांदीवर वीस-पंचवीस घाव घालून धार पुन्हा पाहावी. हिच्यासारखी दुसरी परीक्षा नाही.

दुकानातील कोयत्यांच्या धारेवर कोठे कोठे निळे-काळे डाग दिसतात. वर सांगितलेल्या निळ्या रंगाशी त्यांची गल्लत करू नये. भट्टीतील रंग सबंध धारेवर सारखा चढतो व लोहार तो बघून थांबवितो. हे डाग विजेच्या चाकावर घाईने धार लावताना पडतात. तेथे उष्णतामान किती चढले ह्याचा हिशेब कोणीच ठेवलेला नसतो आणि तेवढ्या जागी पाणी गेलेले असते. वापरू लागताच त्या जागी धार बसते.

मूठ

पाते उत्तम आणि मूठ वाईट, असा कोयता पाते वाईट असलेल्या कोयत्याहून अधिक धोक्याचा आहे. कारण निसटलेले पाते आपल्या किंवा शेजारच्या माणसाच्या अंगावर जाते. मुठीत जाणारे पात्याचे शेपूट निदान मुठीच्या दोन-तृतीयांश लांबीचे असावे. ते आरपार काढून मागे वळविलेले असल्यास सर्वांत चांगले. दुसरा चांगला प्रकार म्हणजे पाते सबंध मुठीतून जाऊन दोन्ही बाजूंस लाकडाच्या फळ्या रिबिटांनी बसविलेल्या. पात्याच्या बाजूस मुठीवर लोखंडी कडे, म्हणजे साम, घट्ट बसविलेली असावी. ती नसल्यास लाकूड चिरते.

लाकूड बाभळीचे, खैराचे किंवा शिसवीचे घ्यावे, आणि ते पुरते वाळलेले असावे. ओल्या लाकडाची मूठ पावसाळ्यात घट्ट वाटते व चैत्र-वैशाखात आकसून ढिली होते. पुष्कळ लोक ढिली मूठ रात्रभर पाण्यात ठेवतात. त्याने ती दोन दिवस घट्ट होते, पण आतले शेपूट गंजते आणि पुढे एकदम मोडते. योग्य उपाय असा की शेपूट काढून, छिद्रात लाखेचा किंवा राळेचा चुरा भरून, शेपूट तापवून आत ठोकावे.

मुठीचा आकार गोल नसून लांबट गोल असावा. अंड्यासारखा आडवा छेद असल्यास धार कोणत्या बाजूस आहे हे न पाहता हातास कळते व पाते हातात फिरत नाही. शेवटी बोंड असावे, म्हणजे घामाने हात घसरत नाही. नळीची किंवा गुळगुळीत प्लास्टिकची मूठ घामाने निसरडी होते. ती घ्यावीच लागली तर तिच्यावर सुतळी घट्ट गुंडाळावी.

बायकांचा हात लहान असतो, हे कोयता घेताना क्वचितच कोणाच्या मनात येते. ऊसतोड, गवतकापणी व खुरपणी ह्यांतील मोठा वाटा स्त्रियांचा आहे. जाड मूठ धरण्यातच त्यांची निम्मी शक्ती खर्ची पडते. मूठ धरल्यावर बोटांची टोके तळहातास जवळजवळ टेकली पाहिजेत, हे माप धरून प्रत्येकीच्या हाताप्रमाणे मूठ तासून द्यावी. त्यास खर्च नाही, फक्त लक्ष पाहिजे.

वजनाचा हिशेब

जड कोयता चांगला तोडतो, असा एक समज आहे. लाकडापुरता तो खरा आहे. उसास तो लागू पडत नाही. समजा, एका जोडीने दिवसात दीड टन ऊस तोडला आणि एक ऊस सव्वा किलोचा धरला, तर बाराशे ऊस झाले. प्रत्येक उसास बुडख्याशी एक घाव व वाढे उडविण्यास एक घाव धरला, म्हणजे पाचट काढणे सोडूनही चोवीसशे वेळा कोयता उचलावा लागला. कोयत्याचे वजन गरजेपेक्षा केवळ शंभर ग्रॅम अधिक असेल, तर दिवसभरात दोन क्विंटल चाळीस किलो वजन त्या मनगटांनी फुकट उचलले. मनगट सुजणे व खांदा धरणे ही दुखणी काही अंशी ह्या शंभर ग्रॅमांतून येतात.

तोल पाहण्याची रीत अशी. मुठीच्या पुढे पात्याखाली बोट ठेवून कोयता आडवा तोलावा. घावाच्या कोयत्याचा तोल मुठीपासून तीन-चार बोटे पुढे असावा. तो फार पुढे असल्यास हात थकतो. मुठीतच असल्यास घावास जोर येत नाही.

बोथट कोयत्याचा तोटा कोणास होतो

तोडणारा आपला कोयता घेऊन येतो, त्याशी आम्हांस काय करावयाचे, असे काही जमीनधारक म्हणतात. त्यांनी पुढील आकडे पाहावेत. बोथट कोयत्याने जमिनीलगत घाव बसत नाही, म्हणून तोडणारा दोन इंच वर तोडतो. ऊस सात फूट, म्हणजे चौऱ्याऐंशी इंच धरला, तर दोन इंच म्हणजे शेकडा सव्वादोनहून अधिक. एकरी चाळीस टन पीक असल्यास जवळजवळ एक टन ऊस शेतातच राहिला. आणि पक्व उसात बुडख्याकडील भागातच साखर अधिक असते. त्याशिवाय उंच राहिलेल्या बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात, त्यांची मुळे जमिनीत नीट जात नाहीत व खोडवा अशक्त होतो. बोथट घावाने बुडखा चिरला तर त्यातून कूज शिरते. म्हणून फडात टोळी आली म्हणजे पाण्याच्या हंड्याशेजारी एक चांगला धारेचा दगड व एक कानस ठेवणे हे जमीनधारकाच्या हिताचेच आहे. दोन सुस्थितीतले कोयते जादा ठेवल्यास अधिक उत्तम.

किमतीचा हिशेब

स्वस्त कोणते हे खरेदीच्या आकड्यावरून ठरत नाही, हंगामावरून ठरते. उदाहरणार्थ, एक कोयता दीडशे रुपयांस घेतला. हंगामात दोन वेळा मूठ बसविण्यास पंचवीस-पंचवीस रुपये लागले आणि हंगामाअखेर तो मोडीत गेला. खर्च एका हंगामास दोनशे. दुसरा कोयता कमान पाट्याचा, लोहाराकडून तीनशे रुपयांस केला. तो चार हंगाम चालला व दर हंगामी दुरुस्तीस पंचवीस रुपये लागले. एकूण खर्च चारशे, म्हणजे हंगामास शंभर. आकडे गावोगाव कमीजास्त होतील; हिशेबाची रीत हीच ठेवावी. मोडलेल्या कोयत्यापायी फुकट गेलेला अर्धा दिवस आम्ही ह्यात धरलेला नाही. तो धरल्यास अंतर आणखी वाढते.

पूर्वी लोहार हा गावच्या बलुतेदारांपैकी एक होता. हंगामाच्या धान्यात त्याचा वाटा असे आणि त्याने केलेले हत्यार बिघडले तर ते त्याच्याच दारी परत येई. घिसाडी मंडळीही गाढवांवर भाता व ऐरण घालून गावोगाव फिरत आणि हत्यारे शेवटून देत, म्हणजे झिजलेली धार पुन्हा ठोकून काढीत. ती घडी मोडली आहे आणि तिच्यात जे अन्यायाचे होते ते मोडले हे बरेच झाले. परंतु करणारा व वापरणारा एकमेकांस ओळखत होते, हा त्यातला फायदा आपण अजूनही राखू शकतो. ज्या लोहाराच्या हातचा कोयता चांगला निघाला त्याच्याकडेच पुन्हा जावे, रोख पैसे द्यावेत, आणि चार शेजाऱ्यांनी मिळून आठ-दहा कोयते एकदम करवून घ्यावेत. दिवाळीपूर्वी काम दिल्यास त्यास सवड असते व भावही बरा पडतो. गळित हंगाम सुरू झाल्यावर घाईत केलेल्या कामास पाणी नीट मिळत नाही.

धार व निगा

धारेचा कोन कामाप्रमाणे ठेवावा. गवत व ऊस ह्यांस दोन्ही बाजू मिळून वीस-पंचवीस अंश. लाकडास तीस-पस्तीस अंश. काटकोनाचे तीन भाग केले की एक भाग तीस अंशांचा होतो, ह्यावरून अंदाज घ्यावा. लाकडाच्या कोयत्यास फार निमुळती धार काढू नये. ती एका गाठीत जाते.

धार थोडी थोडी व वारंवार लावावी. सकाळी, दुपारच्या भाकरीनंतर व संध्याकाळी दगडावर दहा-वीस वेळा पाजविलेला कोयता आठ दिवसांनी चाकावर नेलेल्या कोयत्यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो. चाकावर न्यावाच लागला तर जवळ पाण्याचे भांडे ठेवावे व पाते बोटास चटका देईल इतके तापण्यापूर्वीच त्यात बुडवावे. धार लावणे संपल्यावर काठावर जी बारीक कोर उलटते ती लाकडावर दोन वेळा ओढून काढावी.

उसाचा रस पात्यावर राहिला तर आंबतो आणि लोखंड खातो. म्हणून काम संपताच पाते धुऊन, कोरडे करून, त्यावर करंजाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाचा बोळा फिरवावा. कोकणातील खारट हवेत हे रोज केले पाहिजे. कोयता मातीत रोवून ठेवण्याची सवय सोडावी. तसेच चुलीतील निखारे सारण्यास तो वापरू नये. तापले की पाणी उतरते.

इजा व कायदा

कोयता दुसऱ्याच्या हाती देताना मूठ पुढे करावी. फेकून देऊ नये. मोळी डोक्यावर असताना तो हातात धरू नये. पोरे खेळतात तेथे तो टेकवून ठेवू नये, उंच खुंटीस अडकवावा. शेतात झालेली जखम लहान असली तरी स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी; तिच्यात हळद, माती किंवा तंबाखू भरू नये. मातीतील जंतूंमुळे धनुर्वात होतो व तो जीवघेणा आहे. म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात दाखवून, लस घेण्याची गरज आहे किंवा कसे हे विचारावे; मागील लशीस पाच वर्षांहून अधिक काळ झाला असल्यास मळक्या जखमेकरिता पुन्हा लस देतात. मजुराच्या बाबतीत ही जबाबदारी ज्याच्या शेतात काम चालू आहे त्याने आपली समजावी.

आम्ही आयुष्याची उमेद महसुली दप्तरात घालविली असल्यामुळे कायद्याविषयी दोन शब्द लिहितो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाकरिता घडविलेल्या वस्तू शस्त्र ह्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून शेतकामाच्या कोयत्यास परवाना लागत नाही. तथापि १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये जिल्ह्यात मनाईचा हुकूम निघतो, तेव्हा सार्वजनिक जागी हत्यारे घेऊन फिरण्यास बंदी येते. अशा दिवसांत बाजारातून कोयता आणताना तो पोत्यात बांधून आणावा, खरेदीची पावती जवळ ठेवावी, आणि जत्रेत, सभेत किंवा भांडणाच्या जागी तो कमरेस लावून जाऊ नये. बांधाच्या तंट्यात कोयता उगारल्याने दिवाणी वाद फौजदारी होतो आणि बाप-लेकांचे संसार कोर्टाच्या पायऱ्यांवर झिजतात. अशी उदाहरणे गावोगाव आहेत. बांधाचा निकाल मोजणीने लागतो. त्यासाठी कोयता कामाचा नाही.

सारांश

वाचकांच्या सोयीकरिता मुद्दे एकत्र देतो. काम पाहून कोयता घ्यावा. एकावर सर्व भार टाकू नये. पोलाद कमान पाट्याचे असावे. धारेचे पाणी जांभळ्या-निळ्यापर्यंत उतरविलेले असावे. घेताना नजर, नाद, कानस, कांब, वाक व काम ह्या सहा परीक्षा कराव्यात. मूठ वाळल्या लाकडाची, लांबट गोल, सामेची व धरणाऱ्याच्या हाताच्या मापाची असावी. वजन गरजेपुरतेच असावे. किंमत हंगामावर मोजावी. धार रोज लावावी व पाते कोरडे ठेवावे.

दसऱ्यास आपण हत्यारांची पूजा करितो. तत्पूर्वी चार दिवस घरातील विळे-कोयते बाहेर काढून, ढिल्या मुठी बसवून, बाद पाती लोहाराकडे पोहोचवून आणि त्यास त्याचे पैसे रोख देऊन मग झेंडूचे फूल वाहिले, तर पूजा सार्थ होईल, आणि पुढे येणाऱ्या हंगामात राबणारे हातही सुखरूप राहतील.